माझा गाल आणि बाईंची लिफ्ट

लिफ्टच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवायला यायचं नाही. शाळेत मी फार टिकलो नाही ते सोडा, पण लिफ्ट कुठे कण्हतेय, कुठे कुरकुरतेय, ते मी तळमजल्यावर उभा राहून नुसत्या कानानं सांगतो. बायको म्हणते, "माझी कुरकुर बरी ऐकू येत नाही तुम्हाला." तो विषय वेगळा.

शहरात जागोजागी माझ्या लिफ्टा आहेत. मालकीच्या नव्हेत हो, सांभाळायच्या. प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या वर एक पट्टी चिकटवलेली असते, 'लिफ्ट अडकल्यास फोन करा', आणि खाली माझा नंबर. आणि आमच्या धंद्याचा एक नियम आहे. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं. काहीही बोला, पाण्याचं बोला, पोरांच्या शाळेचं बोला, पण थांबायचं नाही. थांबलात की आतला माणूस दार ओढायला लागतो, आणि मग लिफ्टपेक्षा त्यालाच दुरुस्त करायची वेळ येते. मी स्कूटरवर असलो की फोन बायकोकडे वळवतो. ती तर अशी बोलते की लोकांना बाहेर यावंसं वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझी सगळ्यात मोठी बिल्डिंग म्हणजे ती काचेची. खाली दुकानं, मधे हापिसं, वर राहती घरं. तिथल्या सेक्रेटरीबाई सहाव्या मजल्यावर राहतात. पूर्वी शाळेत हेडबाई होत्या. त्यांच्यासमोर मी आजही हात मागे बांधून उभा राहतो. त्यांची तक्रार अशी की लिफ्ट मधेच गचका देऊन थांबते. मी गेलो. वर नेली, खाली आणली, काही नाही. पुन्हा तक्रार, पुन्हा गेलो, पुन्हा काही नाही.

"बाई," म्हटलं, "आता तर चालतेय की. एकदा बंद करून चालू केलीय. आता काही होणार नाही."

"तुम्ही आलात की चालते. तुम्ही गेलात की थांबते."

"मग माझा वचक आहे म्हणा तिच्यावर."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मिस्त्री, या महिनाअखेरीला तुमचं कंत्राट संपतंय. परवा मी अडकले तर तुमच्या त्या डबड्या फोनवर माझा आवाज तुम्हाला ऐकू येईना. यापुढे कोणी अडकलं आणि तुमच्याशी धड बोलता आलं नाही, तर मी त्या ॲपवाल्यांना बोलावणार."

ते ॲपवाले म्हणजे एक नवी कंपनी. एकसारखे शर्ट घालतात आणि लिफ्टला हात लावायच्या आधी तिचा फोटो काढतात. ही बिल्डिंग त्यांच्याकडे गेली असती तर तिच्याकडे बघून बाकीच्याही गेल्या असत्या, आणि मी घरी बसून बायकोची कुरकुर ऐकली असती. तीही नुसत्या कानानं.

म्हणून फोन घ्यायचा ठरला. आमची लेक असल्या गोष्टींत हुशार. ती म्हणाली, "बाबा, घ्यायचा तर फ्लॅगशिप घ्या. कंपनीचा सगळ्यात वरचा फोन. परत बघायलाच नको." किंमत ऐकून मी दुकानातली खुर्ची ओढून खाली बसलो. पण म्हटलं, धंद्याचा प्रश्न आहे, होऊ दे.

दिसायला काय देखणा होता म्हणून सांगू. आरशासारखा. पहिले काही दिवस मी त्याला दोन्ही हातांनी धरून बोलायचो. मग एका सकाळी त्यात ते अपडेट का काय ते आलं. मी मागितलं नव्हतं. माझ्या लिफ्टमध्ये मी कधी न विचारता शिरून बटणांची जागा बदलली आहे का? पण यांना कोण विचारणार.

त्या दिवसापासून माझा गाल फोन चालवायला लागला.

म्हणजे बघा, फोन कानाला लावला की त्याची काच आपोआप काळी व्हायला पाहिजे, म्हणजे गाल लागला तरी बटण दाबलं जात नाही. साधी गोष्ट आहे. अगदी स्वस्तातल्या फोनलाही कळते. या शहाण्याला कळेना. मी बोलतोय, काच लखलखतेय आणि माझा गाल एकेक बटण दाबत सुटलाय. आमचा गाल काही हिरोचा नाही, भरलेला आहे. एका वेळी तीन बटणं आरामात झाकतो. दोरवाल्याला दोर मागवायला फोन केला तर तो म्हणाला, "मिस्त्री, दोर पाठवतो, पण मला तुमच्या कानातले केस दिसतायत." व्हिडिओ चालू झाला होता.

एकदा दुसऱ्या एका बिल्डिंगमध्ये एक म्हातारे डॉक्टर अडकले. मी नियमाप्रमाणे बोलतोय, बोलतोय, त्यांना धीर देतोय, माझ्या आयुष्याची कथा सांगून झाली, आणि गालानं केव्हाच माझा आवाज बंद केलेला. बाहेर आल्याबरोबर त्यांनी माझीच नाडी धरली. म्हणाले, "मधेच गप्प झालात, मला वाटलं तुम्ही गेलात."

आता सांगा, माणसानं चिडायचं नाही तर काय करायचं?

त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नेमकं बाईंच्याच बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. काचेचं दार, आत थंडगार, बारीक आवाजात संगीत चाललेलं. टोकन घेतलं, बसलो. शेवटी एका टायवाल्यानं बोलावलं. सडपातळ माणूस, गालफडं आत गेलेली. ती बघूनच माझा धीर खचला.

"बोला सर, काय प्रॉब्लेम आहे?"

आयुष्यात मला कोणी सर म्हटलेलं नाही. तेवढ्यानं मी विरघळणार होतो, पण सावरलो. सगळं सांगितलं. त्यानं फोन कानाला लावला, कुणाशी तरी बोलला, काढला, परत लावला. काच दर वेळी शहाण्यासारखी काळी.

"फॉल्ट दिसत नाही सर."

"तुमच्या गालाला दिसणार नाही. माझ्या गालाला लावून बघा."

मी लावला. काच काळी. मी फोन हलवला, दाबला, गाल फुगवून बघितला. काळी ती काळीच. आजूबाजूचे टोकनवाले माझ्याकडे बघायला लागले.

"आता तर चालतोय सर. एकदा बंद करून चालू करतो, मग काही होणार नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो, काही होणार नाही म्हणजे काय? मी काय हौसेनं आलोय इथे? माणूस तक्रार करतोय म्हणजे बिघाड असणारच ना. तुमच्यासमोर दिसला नाही म्हणून नाहीच का?"

"तसं नाही सर. पण दिसल्याशिवाय आम्ही काय दुरुस्त करणार?"

"हे काय बोलणं झालं? धंदा करायची ही पद्धत आहे?"

"सर, बोलताना गाल जरा लांब ठेवून बघा ना."

"मी लोकांना सांगू का, लिफ्टमध्ये जा पण पाय टेकू नका म्हणून?"

माझा आवाज चढला तसा तो घाबरला. म्हणाला, "सर, शांत व्हा. आमचे टेक्निकल सर तळमजल्यावर बसतात. त्यांना फोन दाखवून लगेच येतो." त्यानं माझा फोन एका प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवला, देवाला नैवेद्य नेतात तसा दोन्ही हातांत धरला आणि लिफ्टकडे गेला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बाईंनी आणि टायवाल्यानं वेगवेगळं सांगितलं, ते मी जोडून सांगतो.

लिफ्ट सहाव्यावरून आली. आत बाई, हातात भाजीची रिकामी पिशवी. टायवाला चौथ्यावर शिरला. तिसरा मजला गेला आणि दुसरा यायच्या आत गचका बसला. लिफ्ट थांबली.

बाई म्हणाल्या, "झालं. मला माहीतच होतं." त्यांनी आधी घंटी दाबली. मग पर्समधून आपला फोन काढला आणि माझा नंबर लावला.

ट्रेमधला फोन वाजायला लागला.

बाईंचं लक्ष नाही. त्या कानाला फोन लावून उभ्या. "वाजतोय, पण उचलत नाही. बघितलंत? हा माणूस असाच आहे." चिडून त्यांनी कट केला. ट्रेमधला फोन गप्प. त्यांनी पुन्हा लावला. ट्रेमधला पुन्हा वाजला.

"अहो, तुमचा तो फोन आधी उचला बघू. मला नीट ऐकू येत नाहीये."

"माझा नाही मॅडम, ग्राहकाचा आहे. ग्राहकाचा कॉल घ्यायची आम्हाला परवानगी नाही."

मग बाईंनी ट्रेमध्ये वाकून बघितलं. आता इथे मला एक गोष्ट सांगायला पाहिजे. मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. मी लोकांना बिल्डिंग आणि मजल्यावरून लिहून ठेवतो. 'कुत्रं आहे, दुसरा मजला.' 'चहा देतात, पाचवा मजला.' तर त्या देखण्या काचेवर, ठळक अक्षरांत, लांबून दिसेल असं लिहून आलं होतं: 'कटकट, सहावा मजला.'

बाईंनी आपल्या फोनकडे बघितलं. ट्रेकडे बघितलं. कट केला, पुन्हा लावला. कटकट पुन्हा आली.

"हा मिस्त्रीचा फोन आहे?"

"हो मॅडम."

"म्हणजे मी अडकल्यावर ज्याला फोन करायचा तो फोन माझ्याबरोबरच अडकलाय?"

"तसं म्हणता येईल मॅडम."

"उचला तो."

"परवानगी..."

"उचला म्हणते ना."

हेडबाईंचा आवाज. त्यानं उचलला आणि सवयीनं कानाला लावला. "हॅलो?"

बाईंनाही सवय. "हॅलो, मिस्त्री आहेत का?"

"नाही मॅडम, ते वर बसलेत."

एका हाताच्या अंतरावर उभी राहून दोघं फोनवर बोलतायत. तेवढ्यात टायवाल्याला घाम फुटला. बंद जागेचा त्याला त्रास होतो म्हणे. घामेजलेला गाल काचेला चिकटला आणि माझ्यासमोर शहाणपणाचं नाटक करणारा तो फोन तिथे मोकळा सुटला. काच लखलखीत. गालानं दुसरा कॉल जोडायचं बटण दाबलं, त्यात पहिलं नाव माझ्या बायकोचं. तिकडे बायकोनं उचलला. मग गालानं दोन्ही कॉल एकत्र केले आणि वर स्पीकर चालू केला.

"अहो, मिळाला का फोन दुरुस्त होऊन?" बायकोचा आवाज.

"कोण बोलतंय?" टायवाला दचकला.

"तू कोण रे? माझ्या नवऱ्याचा फोन तुझ्याकडे कसा? चोरलास?"

"नाही मॅडम. मी लिफ्टमध्ये अडकलोय."

चोरीबिरी बायको क्षणात विसरली. तिचा सूरच बदलला. "असं होय. घाबरू नकोस बाबा. दाराला हात लावायचा नाही. किती जण आहात?"

"दोन. मी आणि मॅडम."

"मॅडमना बसायला सांग. तूपण बस. हवा भरपूर असते आत, सगळ्या बाजूंनी फटी असतात. जेवलास का?"

बाई नंतर म्हणाल्या, एवढ्या वर्षांत त्या लिफ्टमध्ये कोणी त्यांना जेवलात का विचारलं नव्हतं. दोघं खाली बसली. बायकोनं सुचवलं की टायवाल्यानं आपल्या हापिसला कळवावं. त्याचा स्वतःचा फोन वर लॉकरमध्ये. हापिसचा नंबर पाठ नाही, फक्त कंपनीची हेल्पलाइन पाठ. बाईंनी आपला फोन कट करून तो नंबर लावला. तिथे एक गोड आवाज आला. फोन पडला असेल तर एक दाबा, पाण्यात पडला असेल तर दोन दाबा.

"लिफ्टमध्ये असेल तर?" बाईंनी विचारलं.

"तसं बटण नाही मॅडम."

इकडे वर मी टोकन हातात घेऊन बसलेलो. त्या संगीताखालून घंटी वाजल्यासारखी वाटली. दारावरच्या माणसाला म्हटलं हे संगीत जरा बंद करा. तो म्हणाला ते बंद होत नाही. म्हणून दार ढकलून बाहेर आलो आणि कान टवकारले. माझीच लिफ्ट. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे. आत कोण असेल त्याचा आता फोन येणार म्हणून खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. फोन खाली गेलाय. लिफ्टनं.

जिन्यानं वर धावलो. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचेपर्यंत माझी छाती भात्यासारखी चालायला लागली होती. आधी मेन स्विच पाडला. मग दोर खाली जातात त्या भोकांशी आडवा पडून कान लावला, आतला माणूस जागेवर आहे का बघायला. तर खालून, त्या अंधाऱ्या विहिरीतून, माझ्या बायकोचा आवाज.

"सावकाश श्वास घ्या. आमचे हे येतीलच. वेंधळे आहेत, पण लिफ्टचं काम येतं त्यांना."

भोकाशी तोंड नेऊन ओरडलो, "अगं, तू कधी आलीस? कशात अडकलीस?"

"अहो, मी घरी आहे."

"मग लिफ्टमध्ये कोण आहे?"

"सेक्रेटरीबाई आहेत. आणि एक टायवाला आहे. तो रडतोय."

"रडत नाहीये मी," खालून बारीक आवाज.

बाई आहेत म्हटल्यावर माझं कंत्राट मला भोकातून खाली पडताना दिसलं. पण हात थांबले नाहीत. ब्रेक सैल केला, चाक धरलं. "अगं, कुठलं दार जवळ आहे विचार."

"बाई म्हणतात खालचं. खाली घ्या. हं, येतंय. आणखी. हळू घ्या हो, भाजीची पिशवी नाहीये ती. आणखी. पुरे."

घरी ओट्याशी उभी राहून माझी बायको मला लिफ्ट उतरवायला सांगत होती, आणि मी उतरवत होतो. असं काम मी जन्मात केलं नव्हतं.

जिना उतरून चावीनं दुसऱ्याचं दार उघडलं. बाई पदर झटकून उठल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कटकट बाहेर आली."

मी हात मागे बांधले.

टायवाला मात्र नाचायचाच बाकी. "सर, फॉल्ट दिसला सर. माझ्या स्वतःच्या गालानं बघितला."

"बघा," मी बाईंना म्हटलं, "मी खोटं बोलत नव्हतो. सगळा दोष या फोनचा. आणि हे लोक म्हणतात..."

"फोनचं झालं. लिफ्टचं काय?"

"आत्ता बघतो ना." वर जाऊन मेन चालू केला. लिफ्ट तळाला नेली, सहाव्यावर आणली, परत खाली, परत वर. लोण्यासारखी. गचका नाही, कुरकुर नाही. पुन्हा दुसऱ्यावर येऊन दार उघडलं आणि, काय सांगू, तोंडातून निघून गेलं, "आता तर चालतेय की."

टायवाल्यानं खोकल्यासारखं केलं. स्पीकर अजून चालूच होता. पलीकडून बायको म्हणाली, "अहो, तुम्ही गप्प राहा."

पण आमची गोष्ट वेगळी आहे हो. लिफ्ट म्हणजे केवढं मोठं यंत्र, किती दारं, किती कुलपं, कुठला विजेचा संपर्क कधी तुटतो ते न दिसता कसं कळणार? आणि तो फोन म्हणजे एक वीतभर काच. दोन्हीला एक न्याय कसा लावायचा? हे मी बाईंना समजावून सांगायला लागलो तर त्यांनी बोट वर केलं. शाळेत करत असतील तसं.

"मिस्त्री, तुम्ही असताना ती अडकत नाही ना? ठीक आहे. मग तुम्ही तिच्यातच बसा. अडकेपर्यंत. अडकली, तुमच्या डोळ्यांना दिसली, दुरुस्त झाली, की सही करते. महिनाअखेरीपर्यंत नाही अडकली तर ॲपवाले."

टायवाला खालच्या टेक्निकल सरांकडे गेला. त्यांनी माझा फोन कानाला लावला. काच काळी. ते त्याला म्हणाले, "फॉल्ट कुठे झाला, लिफ्टमध्ये ना? मग तिथेच जाऊन दाखव. दिसला की फोन बदलून देऊ."

तर आता परिस्थिती अशी आहे. मी एक स्टूल घेऊन लिफ्टमध्ये बसतो. माझ्यासमोर टायवाला माझा फोन गालाला लावून उभा असतो. वर जातो, खाली येतो. पलीकडे माझी बायको. तिला काय, बोलायचं कामच आहे. त्याच्या लग्नाचं जमवायच्या गोष्टी चालल्यात. महिना संपत आला. मी आयुष्यभर लिफ्ट अडकू नये म्हणून राबलो, आणि आता दर मजल्याला मनात म्हणतो, अडक गं बाई एकदाची.

काल मी त्याला विचारलं, "काय, दिसला का?"

"नाही सर. फार छान चालतोय. तुमची?"

"नाही."

तिसऱ्यावर एक गृहस्थ शिरले. वर जाता जाता मोठ्या कौतुकानं म्हणाले, "वा मिस्त्री, हल्ली लिफ्ट काय सुरेख चालते हो."

मी त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते चौथ्यावरच उतरले आणि पुढे जिन्यानं गेले.